झांझिबारचे परस्थ रहिवासी

अरबी समुद्राच्या व्यापारात शतकानुशतके वाऱ्याची सत्ता चालत आली. हिवाळ्याच्या आरंभी ईशान्येकडून वाहू लागणारा वारा कच्छ-काठियावाडची गलबते आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे नेई, आणि काही महिन्यांनी नैर्ऋत्येकडून उलट वाहणारा वारा त्यांना मायदेशी परत आणी. स्वाहिली भाषेत पहिल्या वाऱ्याला ‘कस्काझी’ आणि दुसऱ्याला ‘कुसी’ म्हणतात. या दोहोंच्या मधल्या काळात नाखवा, खलाशी आणि व्यापारी यांना परक्या बंदरात थांबावेच लागे. परदेशातील पहिला मुक्काम असा सक्तीचा असे. वारा फिरण्याची वाट पाहणे एवढाच त्याचा हेतू. या मुक्कामाचे रहिवासात रूपांतर कसे झाले, आणि तीन-चार पिढ्या एका नगरात काढूनही रहिवासी ‘परस्थ’ का राहिला, या प्रश्नाचा विचार करावयाचा तर एकोणिसाव्या शतकातील झांझिबारसारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

झांझिबार हे आफ्रिकेच्या मुख्य भूमीपासून सुमारे ३५ किलोमीटर अंतरावरील बेट. ओमानचा सुलतान सय्यद सईद याने १८४०च्या सुमारास आपले वास्तव्य मस्कतहून येथे हलविले आणि बेटाचे भवितव्य बदलले. लवंगेची लागवड एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे झाली होती. सईदच्या प्रोत्साहनाने तिचे मळे झांझिबार आणि शेजारचे पेंबा या दोन्ही बेटांवर पसरले. मुख्य भूमीतून हस्तिदंत येऊ लागले, आणि त्याच वाटेने साखळदंडांत जखडलेले गुलामही येऊ लागले. अमेरिकेने १८३३ साली सईदशी व्यापारी तह केला, पुढे इंग्लंड आणि फ्रान्स यांनीही केला. या सर्व व्यवहाराला भांडवल पुरविणारा, माल विकत घेणारा आणि उधारी सांभाळणारा मनुष्य हवा होता. तो मांडवी, मुंद्रा, लखपत, जामनगर आणि सुरत या बंदरांतून आला.

मांडवीहून निघणाऱ्या तरुणाचा प्रवास बहुधा नात्याच्या किंवा जातीच्या आधाराने होई. पेढीवर आधीपासून असलेला मामा, चुलता किंवा गाववाला त्याला बोलावून घेई. काही वर्षे त्याने गुमास्ता म्हणून राबावे, वखारीत झोपावे, मालकाच्या रसोड्यात जेवावे, पगाराचा मोठा भाग घरी पाठवावा, आणि मग पुरेशी पत जमल्यावर स्वतःचे लहानसे दुकान थाटावे, असा हा क्रम असे. या दुकानालाच स्वाहिली भाषेने ‘दुका’ हे नाव दिले. ‘लाखा’चे ‘लाकी’, ‘गाडी’चे ‘गारी’ आणि ‘रुपया’चे ‘रुपिया’ होऊन हे शब्दही त्या भाषेत रुळले. या शब्दांच्या यादीवरून नजर फिरविली तरी भारतीय मनुष्य त्या नगरात कोणत्या वाटेने शिरला हे ध्यानात येते. तो दुकानातून, हिशेबातून आणि नाण्यातून आला.

या लोकांना ‘भारतीय’ म्हणणे ही आजची सोय आहे. स्वाहिली बोलणारा हिंदू व्यापाऱ्याला ‘बन्यानी’ म्हणे आणि भारतातून आलेल्या मुसलमानाला ‘म्हिंदी’. स्वतः त्या लोकांच्या लेखी भाटिया, लोहाणा, खोजा, बोहरा, मेमण या ओळखी अधिक खऱ्या होत्या. त्यांच्या राहणीतही मोठा फरक होता. खोजा आणि बोहरा कुटुंबकबिल्यासह आले, त्यांच्या मुलांचा जन्म बेटावरच झाला, मशिदी आणि जमातखाने उभे राहिले. भाटियांची स्थिती निराळी होती. समुद्र ओलांडून स्त्रीने जावे हे जातीला मान्य नव्हते, त्यामुळे भाटिया व्यापारी अनेक दशके एकटेच राहत. बायकामुले मांडवीत असत आणि पुरुष काही वर्षांनी एकदा घरी जाऊन येत. भाटिया स्त्रिया झांझिबारला येऊ लागल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत. ज्या घरात चूल पेटत नाही ते घर म्हणजे बिऱ्हाड, ही आपल्याकडील समजूत येथे लावून पाहिली तर भाटियांचे बिऱ्हाड पन्नास वर्षे हलतच राहिले असे म्हणावे लागेल.

या सर्व पेढ्यांत जयराम शिवजी या भाटिया पेढीचे स्थान सर्वोच्च होते. सुलतानाच्या बंदरांवरील जकातवसुलीचा मक्ता १८३०च्या दशकापासून पुढे जवळजवळ अर्धशतक तिच्याकडे राहिला. मध्यंतरी १८७६ ते १८८० या काळात तो थारिया टोपण या खोजा व्यापाऱ्याकडे गेला होता. मक्त्याची पद्धत साधी होती. पेढीने सुलतानाला वर्षाला ठरीव रक्कम द्यावयाची आणि परदेशी मालावरील शेकडा पाच जकात व इतर कर स्वतः वसूल करावयाचे. ठरीव रकमेपेक्षा जे अधिक जमेल ते पेढीचे. परंतु सुलतानाला पैशाची निकड वारंवार लागे, आणि मग पुढील वर्षांच्या रकमेतून उचल दिली जाई. अशा रीतीने जकात वसूल करणारा हळूहळू राज्याचा सावकार बनला. पेढीचा कारभारी लाधा दामजी याच्याकडे युरोपीय प्रवासीही येत. १८५७ मध्ये मुख्य भूमीवरील सफरीस निघालेल्या रिचर्ड बर्टनला आणि १८७१ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या शोधार्थ आलेल्या स्टॅन्लीला तांड्याची जुळवाजुळव करताना त्याचा सल्ला घ्यावा लागला. आफ्रिकेच्या अंतर्भागाचे नकाशे युरोपात तयार होत होते, पण त्या नकाशांकडे नेणाऱ्या वाटेचा खर्च झांझिबारच्या वह्यांत मांडला जात होता.

कर्जाचा व्यवहार कसा चाले हे पाहिल्याशिवाय या नगराचे अर्थकारण कळत नाही. भारतीय व्यापारी अमेरिकेहून आलेले जाडेभरडे कापड, ज्याला ‘मेरिकानी’ म्हणत, तसेच काचमणी आणि तांब्या-पितळेच्या तारा अरब व स्वाहिली तांडेवाल्यांना उधार देई. तांडा मुख्य भूमीत शिरे आणि वर्ष-दोन वर्षांनी हस्तिदंत घेऊन परते. पुष्कळसे हस्तिदंत मुंबईला जाई. काही तेथून पुढे लंडनला, काही बांगड्या करणाऱ्या कारागिरांकडे. टिप्पू टिप या विख्यात तांडेवाल्यामागे थारिया टोपणचे भांडवल होते. दुसरीकडे लवंगेच्या मळ्यांचे अरब मालक पिकाच्या भरवशावर कर्ज काढीत आणि मळा गहाण ठेवीत. सावकाराला मळ्याची मालकी बहुधा नको असे. पीक हाती आले की त्याचे काम भागे. १५ एप्रिल १८७२ रोजी झालेल्या भीषण चक्रीवादळाने झांझिबार बेटावरील बहुतेक लवंगझाडे उन्मळून टाकली, तेव्हा या उधारीच्या साखळीतील प्रत्येक कडी हादरली; पेंबाचे मळे मात्र बव्हंशी बचावले.

येथे एक कटू सत्य नोंदविणे आवश्यक आहे. मळ्यावर राबणारे हात गुलामांचे होते. हस्तिदंत पाठीवरून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांतही गुलाम होते. बंदरात उतरविल्या जाणाऱ्या प्रत्येक गुलामावर कर होता, आणि तो कर जकातीच्या मक्तेदाराकडे जमा होत असे. गुलामांची ने-आण स्वतः करणारे भारतीय व्यापारी थोडे असतील. परंतु या व्यापाराला उधारी पुरविणारे, गहाणखतात गुलामांची गणना करणारे आणि घरकामाला गुलाम बाळगणारे अनेक होते. अहिंसेचे व्रत घरात कसोशीने पाळणाऱ्या मनुष्याच्या खतावणीत माणसाची किंमत लिहिली जात होती, ही विसंगती केवळ काळाचा महिमा म्हणून सोडून देता येत नाही. परस्थ रहिवाशाच्या ‘मी येथला नाही’ या भूमिकेने ही विसंगती त्याला सुसह्य केली असावी. नगर त्याचे नव्हते, रीतही त्याची नव्हती. तो केवळ व्यापारासाठी आला होता. जबाबदारी झटकण्यासाठी परकेपणासारखे सोयीचे साधन नाही.

याच प्रश्नाने पुढे कायद्याचे रूप घेतले. ख्रिस्तोफर रिग्बी हा मुंबई सैन्यातील अधिकारी १८५८ मध्ये ब्रिटिश कॉन्सल म्हणून झांझिबारला आला. त्याने असा पवित्रा घेतला की भारतीय रहिवासी हे ब्रिटिश प्रजाजन होत, आणि ब्रिटिश प्रजाजनाला गुलाम बाळगता येत नाही. त्याने भारतीयांकडील हजारो गुलामांना मुक्ततेचे दाखले दिले. व्यापाऱ्यांत हलकल्लोळ माजला. ज्यांना आजवर ब्रिटिश संरक्षण हवेसे वाटत होते त्यांतील काही जण एकाएकी सुलतानाचे प्रजाजन असल्याचे सांगू लागले. वाद अधिक गुंतागुंतीचा झाला तो कच्छमुळे. कच्छ हे संस्थान. त्याची प्रजा ही कच्छच्या राजाची. मग ती ब्रिटिश प्रजा कशी? १८६९ मध्ये कच्छच्या रावांनी जाहीरनामा काढून झांझिबारमधील आपल्या प्रजाजनांना ब्रिटिश अधिकाराखाली सोपविले, आणि ही पळवाट बंद झाली. भुजच्या दरबारातील एका कागदाने हजारो मैलांवरील माणसांचे राष्ट्रीयत्व ठरावे, ही घटना नागरिकत्वाच्या इतिहासात विशेष लक्षणीय आहे.

त्यानंतर आले सर बार्टल फ्रियर. १८६२ ते १८६७ या काळात ते मुंबईचे गव्हर्नर होते आणि मुंबईच्या कोटाची तटबंदी पाडण्याचे काम त्यांच्याच कारकिर्दीत झाले. गुलामांचा व्यापार थांबविण्याची शिष्टाई करण्यासाठी १८७३च्या आरंभी ते झांझिबारला पोहोचले. पूर्व किनाऱ्यावरचा जवळजवळ सारा व्यापार भारतीयांच्या हातून जातो, असा त्यांचा निष्कर्ष होता. सुलतान बर्गशने त्यांची मागणी प्रथम फेटाळली. परंतु कॉन्सल जॉन कर्क यांनी नाकेबंदीची धमकी दिल्यावर ५ जून १८७३ रोजी त्याला तहावर सही करावी लागली. गुलामांचा बाजार बंद झाला आणि त्या जागी ख्रिस्ती मिशनने प्रार्थनामंदिर उभारले. गुलामगिरीची कायदेशीर मान्यता संपण्यास मात्र १८९७ साल उजाडावे लागले.

तोवर ‘ब्रिटिश प्रजाजन’ या शब्दांचा अर्थ भारतीयांना पुरता उमगला होता. शाही आदेशान्वये झांझिबारला कॉन्सलचे न्यायालय स्थापन झाले. ब्रिटिश प्रजाजनांचे खटले तेथे चालत, भारतात लागू असलेले अनेक कायदे त्यांना लागू होत आणि निकालांवरील अपिले मुंबई उच्च न्यायालयाकडे जात. बेटावरच्या मळ्याचे गहाणखत मुंबईच्या न्यायमूर्तींपुढे वाचले जाणे ही त्या काळी नवलाची गोष्ट राहिली नव्हती. धर्मविषयक तंटेही याच समुद्रमार्गाने ये-जा करीत. खोजा जमातीवरील आगाखानांच्या अधिकारासंबंधी १८६६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाचे पडसाद झांझिबारमध्ये उमटले, आणि पुढे तेथील खोजांत इस्माइली व इस्ना अशरी असे दोन तट पडले. रुपया हे नगराचे रोजचे नाणे झाले. १९०८ पासून झांझिबारचा स्वतंत्र रुपयाही छापला जाऊ लागला, आणि १९३६ मध्ये पूर्व आफ्रिकी शिलिंगने त्याची जागा घेईपर्यंत तो चालला. सुलतानाच्या भूमीवर राहणारा, इंग्रजांच्या कायद्याने बांधलेला आणि मुंबईच्या चलनात विचार करणारा असा हा रहिवासी होता.

हा प्रवाह एकाच दिशेचा होता असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. फ्रियरना नकार देणारा बर्गश तरुणपणी स्वतः मुंबईचा परस्थ रहिवासी होता. १८५९ मध्ये आपला भाऊ माजिद याच्याविरुद्ध त्याने बंड केले, ते इंग्रजांच्या साहाय्याने मोडण्यात आले आणि बर्गशची रवानगी मुंबईला झाली. सुमारे दोन वर्षे तो तेथे राहिला. १८७० मध्ये गादीवर आल्यानंतर त्याने नगरात नळाचे पाणी आणले, विजेचे दिवे लावले, मुंबईशी जहाजांची वाहतूक सुरू केली आणि १८८३ मध्ये ‘बैत अल अजैब’ म्हणजे ‘आश्चर्यमहाल’ हा प्रासाद बांधला. हद्दपारीत पाहिलेल्या नगराची काही छाया या उद्योगांवर पडली असल्यास नवल नाही. बंडाच्या वेळी त्याच्या बाजूने पत्रलेखन करणारी त्याची बहीण राजकन्या सालमे हिने १८६६ मध्ये एका जर्मन व्यापाऱ्यासाठी बेट सोडले. बाप्तिस्मा घेऊन ती एमिली रूटे झाली आणि हँबुर्ग येथे राहू लागली. १८७० मध्ये पतीचे अपघाती निधन झाले. परक्या बंदरनगरात तीन मुलांना वाढविणाऱ्या या स्त्रीने १८८६ मध्ये जर्मन भाषेत आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. भारतीय पेढ्यांनी हजारो वह्या लिहिल्या, पण असे एकही पुस्तक लिहिले नाही, हा फरक साहित्याच्या अभ्यासकाला जाणवल्याशिवाय राहत नाही.

१८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि १८७२ पासून आगबोटींची नियमित टपालसेवा एडनमार्गे झांझिबारला पोहोचू लागली. वाऱ्याची सत्ता संपुष्टात आली. आता व्यापाऱ्यांच्या जोडीला पगारदार मंडळी येऊ लागली. त्यांत गोव्याचे लोक ठळक होते. आचारी, पाववाले, शिंपी, छायाचित्रकार, कारकून अशा नानाविध कामांवर ते आले, आणि सुलतानाच्या वाद्यवृंदातही गोव्याचेच वादक होते. ते पोर्तुगालचे प्रजाजन. म्हणून शेजारी राहणाऱ्या गुजराती दुकानदाराहून त्यांचा कायदेशीर दर्जा वेगळा. भाषा कोकणी, प्रार्थना लॅटिन, कचेरीत इंग्रजी आणि बाजारात स्वाहिली असा त्यांचा नित्यक्रम होता. पारशी मंडळीही आली, त्यांची अग्यारी उभी राहिली. १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेस निघालेले तरुण बॅरिस्टर मोहनदास गांधी यांना पुढील जहाजासाठी आठ-दहा दिवस झांझिबारला थांबावे लागले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे ‘समाचार’ हे गुजराती साप्ताहिक निघू लागले. रहिवाशाला आता बाजारभावाखेरीज मतही होते.

नगराची रचना या समाजाचे चित्र नेमके दाखवी. समुद्राकडील बाजूस चुनखडी दगडाच्या उंच घरांचे पाषाणनगर होते. तेथे अरब सरदार, भारतीय व्यापारी आणि युरोपीय वकिलाती होत्या. खाली दुकान आणि वर माडी अशी भारतीयांची घरे, कोरीव काम केलेले त्यांचे दरवाजे. थारिया टोपणने १८८७ मध्ये पायाभरणी केलेला दवाखाना, ज्याच्या लाकडी सज्ज्यांची नक्षी आजही पाहणाऱ्यास खिळवून ठेवते, तो याच भागात आहे. मात्र ती इमारत पूर्ण होण्यापूर्वीच १८९१ मध्ये थारिया टोपण निवर्तला. खाडीच्या पलीकडे मातीच्या भिंतींची आणि झावळ्यांच्या छपरांची वस्ती होती. तिचे नावच ‘न्गाम्बो’, म्हणजे पलीकडची बाजू. मुक्त झालेले गुलाम, मजूर, हमाल तेथे राहत. खाडी फार रुंद नव्हती. पुढे ती बुजविलीही गेली. पण अलीकडचा आणि पलीकडचा हा भेद बुजला नाही.

पलीकडच्या त्या जगातून एक आवाज मुंबईपर्यंत पोहोचला. सिती बिंती सआद ही गुलामांच्या वंशात जन्मलेली. जन्मतः तिचे नाव ‘म्तुम्वा’ म्हणजे ‘गुलाम’ असे ठेवले होते. तारब या संगीतप्रकाराची ती अद्वितीय गायिका ठरली. अरबी दरबाराचे हे संगीत तिने स्वाहिलीत आणून सामान्यांचे केले. १९२८ मध्ये ध्वनिमुद्रणासाठी ती मुंबईला आली आणि तिच्या तबकड्या पूर्व आफ्रिकेत घरोघर वाजू लागल्या. ज्या मार्गाने हस्तिदंत आले त्याच मार्गाने, शरीराची नव्हे तर कंठाची किंमत घेऊन ती आली, यात इतिहासाने केलेली थोडीशी परतफेड दिसते.

झांझिबार १८९० मध्ये ब्रिटिश संरक्षित राज्य झाले होते. ज्या सत्तेचे प्रजाजन म्हणून भारतीयांना अभय मिळाले तीच सत्ता आता बेटावर राज्य करीत होती. तेव्हा त्यांचे स्थान बळकट व्हावयास हवे होते. घडले उलटच. राज्यकर्त्यांनी अरब जमीनदार, भारतीय सावकार आणि आफ्रिकी मजूर अशी समाजाची विभागणी मनाशी पक्की केली. १९३०च्या मंदीत लवंगेचे भाव कोसळले, मळे कर्जात बुडाले आणि जमीन भारतीयांच्या हाती जाण्याची भीती निर्माण झाली. १९३४ मध्ये अरब व आफ्रिकींची जमीन इतरांकडे हस्तांतरित होण्यावर निर्बंध घालणारा कायदा आला. भारत सरकारने चौकशीसाठी के. पी. एस. मेनन यांना पाठविले. १९३७ मध्ये लवंगखरेदीचा एकाधिकार लवंग उत्पादकांच्या संघाला देण्यात आला. झांझिबारमधील भारतीय व्यापाऱ्यांनी असहकार पुकारला, भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने झांझिबारी लवंगेवर बहिष्काराचा आदेश दिला आणि मुंबईच्या बाजारात निदर्शने झाली. भारत हा लवंगेचा मोठा ग्राहक असल्याने बेटाच्या तिजोरीला धक्का बसला. अखेर १९३८ मध्ये तडजोड झाली.

हा विजय खराच, परंतु त्याची किंमत नंतर कळली. परस्थ रहिवाशाने आपले गाऱ्हाणे मांडण्यासाठी मायदेशाचे बळ वापरले. त्याने त्याचे हित साधले आणि त्याच वेळी तो ‘बाहेरचा’ असल्याचा पुरावाही सर्वांसमोर ठेवला गेला. पाषाणनगरातील मनुष्य मुंबईला हाक मारू शकत होता. न्गाम्बोतील मजुराला हाक मारण्यासाठी दुसरा देश नव्हता. दोघेही एकाच लवंगेवर जगत होते, पण संकटसमयी त्यांच्या पायांखालची जमीन वेगवेगळी होती.

१० डिसेंबर १९६३ रोजी झांझिबार स्वतंत्र झाले. सत्ता सुलतानाच्या घटनात्मक राजवटीकडे गेली. अवघ्या एका महिन्यानंतर, १२ जानेवारी १९६४ रोजी, क्रांतीचा भडका उडाला. सुलतान जहाजातून पळाला. हत्याकांडात अरब सर्वाधिक मारले गेले. मृतांच्या संख्येचे अंदाज परस्परांपासून फार भिन्न आहेत. भारतीयांचीही दुकाने लुटली गेली, काहींचे प्राण गेले. त्या वेळी बेटांवर दक्षिण आशियाई वंशाचे सुमारे २० हजार लोक होते. एप्रिल १९६४ मध्ये टांगानिकाशी एकीकरण होऊन पुढे टांझानिया अस्तित्वात आले. जमिनी व इमारती सरकारजमा झाल्या, नोकऱ्या गेल्या, आणि १९७० मध्ये आशियाई वंशाच्या मुलींची सक्तीने लग्ने लावण्याचे प्रकार घडले. बहुतेक कुटुंबे दार-ए-सलाम, मुंबई, लंडन, टोरोंटो अशा वाटांनी पांगली. त्यांत एका पारशी कुटुंबाचा मुलगा होता. फारुख बुलसारा १९४६ मध्ये पाषाणनगरात जन्मला, पाचगणीच्या शाळेत शिकला आणि १९६४ मध्ये कुटुंबासह इंग्लंडला गेला. पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने त्याला जग ओळखू लागले.

ज्या कागदाने शंभर वर्षे अभय दिले होते त्याचे मोल एका आठवड्यात संपले, असे या घटनेविषयी म्हणता येईल. तथापि एवढ्यावर थांबणे म्हणजे अर्धाच हिशेब मांडणे होय. भारतीय रहिवाशाने बेटाला उधारी दिली, बाजार दिला, दवाखाना दिला, शब्द दिले. त्याने जे राखून ठेवले ते होते स्वतःचे भवितव्य. मुलगी द्यावयाची ती जातीत, उत्पन्न गुंतवावयाचे ते मुंबईत, अपील करावयाचे तेही मुंबईत. गुलामगिरीच्या खात्यावरची त्याची बाकी कधी जाहीरपणे फेडली गेली नाही. पलीकडच्या वस्तीने ती विसरली नव्हती. यावरून १९६४च्या अत्याचारांचे समर्थन होत नाही. ज्यांची दुकाने जळली त्यांतील बहुतेक किरकोळ वाणी आणि कारकून होते, जयराम शिवजींचे वारस नव्हते. ज्याने कर्ज घेतले नाही त्याच्याकडून वसुली व्हावी, हा इतिहासाचा जुनाच अन्याय येथेही घडला.

पेढ्यांनी जे लिहिले नाही ते पुढे कादंबरीकारांनी लिहिले. पूर्व आफ्रिकेतील खोजा परंपरेतून आलेले एम. जी. वासनजी यांच्या ‘द गनी सॅक’ (१९८९) या कादंबरीत गुजरातेतून आलेला धनजी गोविंदजी आणि बिबी तारातिबू ही गुलाम स्त्री यांच्यापासून एका कुटुंबाची वंशावळ सुरू होते. व्यापाऱ्याच्या वहीत जिला जागा नव्हती ती स्त्री येथे मूळपुरुषाच्या शेजारी येऊन बसते. झांझिबारमध्ये १९४८ साली जन्मलेले आणि क्रांतीनंतर तरुणपणी इंग्लंडला गेलेले अब्दुलरझाक गुरना यांना २०२१चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या ‘बाय द सी’ (२००१) या कादंबरीत झांझिबारचा एक वृद्ध इंग्लंडमधील समुद्रकाठच्या गावी आश्रित म्हणून राहतो. एका बंदराचा रहिवासी दुसऱ्या किनाऱ्यावर परस्थ होतो, आणि जुन्या नगरातील घरे, गहाणखते व वैरे त्याच्या पाठोपाठ येतात.

झांझिबारचे पाषाणनगर २००० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. बर्गशच्या आश्चर्यमहालाचा एक भाग डिसेंबर २०२० मध्ये कोसळला. २०२३ मध्ये मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे विद्यासंकुल बेटावर सुरू झाले आणि भारतातून नवे रहिवासी पुन्हा तेथे जाऊ लागले. त्यांच्या हाती पारपत्र आहे, निवासाचा परवाना आहे, कराराची मुदत ठरलेली आहे. वाऱ्याची वाट पाहण्याचे त्यांना कारण नाही. जुन्या रहिवाशांपुढील एक प्रश्न मात्र त्यांनाही चुकणार नाही. नगराकडून काय घेतले याची नोंद प्रत्येक पेढी ठेवते. नगराचे काय देणे लागतो याचे पान वहीत उघडणारा रहिवासीच कालांतराने तेथला होतो.